पुण्यातले स्टार्टअप आणि त्यांचे गुंतवणूकदार: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कंपनी काढलेल्या, काढू पाहणाऱ्या आणि ‘फंडिंग’बद्दल दर आठवड्याला कुणाकडून तरी वेगळंच काही ऐकणाऱ्या मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. वेळ कमी असेल तर फंडाच्या हिशेबाचा आणि टर्म शीटचा (म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाचा) प्रश्न तेवढा वाचा.

पुण्यात स्टार्टअपसाठी पैसा आहे का, की शेवटी बंगळुरूच गाठावं लागतं?

पैसा पुण्यात येतो, पण बाहेरून येतो. पीक एक्सव्ही (२०२३ पर्यंतचं सिकोया इंडिया), एलिव्हेशन, नेक्सस, चिराटे, ब्लूम या फंडांचा कारभार मुंबई, बंगळुरू आणि दिल्लीच्या आसपासून चालतो. पुण्यातच बस्तान असलेले फंड मोजके. कंपन्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे घालणारा पेंटाथलॉन व्हेंचर्स हे त्यातलं एक नाव. बाकी इथल्या पैशात मोठा वाटा आहे तो कंपनी विकून किंवा शेअर विकून मोकळ्या झालेल्या जुन्या संस्थापकांचा आणि उद्योजक घराण्यांचा. ही मंडळी फारसा गाजावाजा करत नाहीत, त्यामुळे ‘पुण्यात गुंतवणूकदारच नाहीत’ असा समज पसरतो.

निव्वळ गुंतवणूकदारासाठी ऑफिस हलवू नका. एक्स्प्रेसवेमुळे मुंबईचा माणूस सकाळी निघून बाणेर-बालेवाडीत दोन मीटिंगा उरकून रात्री घरी पोचतो. बंगळुरूचं मात्र एक खरं आहे: तिथे तुमच्याच टप्प्यावरचे पंधरा संस्थापक एका गल्लीत भेटतात, आणि कोण कुणाला पैसे देतंय याची बातमी दोन दिवस आधी कळते. ती उणीव इथे टाय पुणे (उद्योजकांचं जाळं), एमसीसीआयए (मराठा चेंबर) आणि पुणे ओपन कॉफी क्लबसारख्या गटांनी भरून काढायचा प्रयत्न केला आहे. पूर्ण भरली असं मी म्हणणार नाही.

पुण्यातून खरोखर मोठ्या झालेल्या कंपन्या कोणत्या?

सुरुवात पर्सिस्टंटपासून करावी लागते. आनंद देशपांड्यांनी १९९० साली काढलेली ही कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली. नॉर्वेस्ट आणि गॅब्रिएल या अमेरिकी व्हीसींनी (व्हेंचर कॅपिटल फंडांनी) २००५ साली त्यात पैसे घातले तेव्हा कंपनी पंधरा वर्षांची होती. आजच्या घाईत हे विसरायला होतं.

फर्स्टक्रायची गोष्ट वेगळी. सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी त्याआधी पुण्यातच ब्रेनविसा नावाची ई-लर्निंग कंपनी चालवून विकली होती. २०१० मध्ये लहान मुलांच्या सामानाचं दुकान त्यांनी ऑनलाइन मांडलं. पहिले मोठे पैसे सैफ पार्टनर्सचे (आताचं एलिव्हेशन), मग आयडीजी व्हेंचर्सचे (आताचं चिराटे), आणि २०१९ मध्ये सॉफ्टबँक आली. मधल्या काळात माल पोचवणारा विभाग वेगळा काढून २०१५ मध्ये एक्सप्रेसबीज ही स्वतंत्र कंपनी झाली. फर्स्टक्रायचा आयपीओ ऑगस्ट २०२४ मध्ये ४६५ रुपयांना आला, पहिल्या दिवशी शेअर ६५१ ला उघडला आणि पुढच्याच वर्षी ४६५ च्याही खाली उतरला. २०११-१२ मध्ये आत आलेल्या फंडांना त्यानं फारसा फरक पडला नाही. ६५१ ला घेणाऱ्याला पडला. कुणाचे पैसे कधी आत आले, यावर सगळा खेळ असतो.

शिवाय खेड्यापाड्यातल्या किराणा दुकानांपर्यंत माल नेणारी इलॅस्टिकरन, विक्रीच्या माणसांना तयार करणारी माइंडटिकल, डेटा बॅकअपमधली ड्रुवा, करारांच्या सॉफ्टवेअरमधली आयसर्टिस. एक्सप्रेसबीज आणि इलॅस्टिकरन दोघी फेब्रुवारी २०२२ मध्येच युनिकॉर्न झाल्या, म्हणजे कागदावर शंभर कोटी डॉलरच्या वर गेल्या. ‘कागदावर’ हा शब्द मुद्दाम वापरलाय.

ड्रुवा आणि आयसर्टिस तर अमेरिकन कंपन्या ना?

मुख्यालयं अमेरिकेत आहेत, कारण गिऱ्हाईक तिकडे आहे. ड्रुवा मात्र २००८ साली पुण्यात सुरू झाली. संस्थापकांपैकी जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे हे व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम केलेले. इंडियन एंजल नेटवर्क आणि सिकोयाचे पैसे २०१० मध्ये आले, नंतर नेक्ससचे. माणसं पुण्यात, विक्री अमेरिकेत, हा इथला जुनाच साचा आहे. जाहिरात तंत्रज्ञानातली पबमॅटिकही त्याच वाटेनं डिसेंबर २०२० मध्ये नॅसडॅकवर गेली.

पुण्याचं म्हणून वेगळं काय आहे?

तीन थर आहेत, आणि ते एकमेकांत फारसे मिसळत नाहीत.

पहिला सॉफ्टवेअरचा. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था, १९९० मध्ये बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर एसटीपीआय हे सरकारी सॉफ्टवेअर पार्क, मग व्हेरिटास, बीएमसीसारख्या कंपन्यांची विकास केंद्रं. या केंद्रांत नुसतं बिलाच्या तासांवर काम नव्हतं. डिस्कवरचा डेटा कसा लिहिला जातो, फाइल सिस्टिम कशी कोलमडते, हे खोलात शिकलेले इंजिनिअर तिथे तयार झाले. म्हणून डेटा आणि स्टोरेजमधले स्टार्टअप इथे निघाले. ग्राहकाला थेट भुरळ घालणारे ॲप इथून त्या मानानं कमी निघाले.

दुसरा थर वाहनांचा: भोसरी, चाकण, रांजणगाव. आयआयटी मुंबईतून निघालेली सेडेमॅक इथे इंजिनाचे कंट्रोलर बनवते; नेक्सस आणि ए९१ या फंडांनी तिच्यात पैसे घातले. टॉर्क मोटर्सच्या इलेक्ट्रिक मोटरसायकलमागे भारत फोर्ज उभी राहिली.

तिसरा प्रयोगशाळांचा. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे नव्या कंपन्यांना जागा आणि यंत्रं देणारं केंद्र २००७ पासून चालू आहे. मार्च २०२० मध्ये देशी आरटी-पीसीआर किटला पहिली मंजुरी मिळवणारी मायलॅबही पुण्याचीच.

व्हीसी म्हणजे नक्की कोण? त्यांच्याकडे पैसा कुणाचा असतो?

हे नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

व्हीसी स्वतःच्या खिशातून देत नाही. तो विमा कंपन्या, परदेशी एन्डाउमेंट (विद्यापीठांसारख्या संस्थांचे राखीव निधी), श्रीमंत घराणी, सिडबी या लघुउद्योगांच्या सरकारी बँकेचा फंड ऑफ फंड्स (फंडांनाच पैसे देणारी २०१६ सालची १०,००० कोटींची योजना) अशांकडून पैसे गोळा करतो. सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांखाली नोंदणी करतो. अशा फंडात घुसायला गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान एक कोटी घालावे लागतात. फंडाचं आयुष्य बहुधा दहा वर्षांच्या आसपास. पहिल्या चार-पाच वर्षांत पैसे लावायचे, उरलेल्यांत काढायचे.

आता हिशेब. समजा फंड ५०० कोटींचा आहे. दहा वर्षं दरवर्षी दोन टक्के फी जाते, म्हणजे कंपन्यांत लागतात साधारण ४०० कोटी. देणाऱ्यांना तिप्पट, म्हणजे १,५०० कोटी परत हवेत. तुमच्या कंपनीत शेवटी त्यांचा हिस्सा १५ टक्के उरला आणि तुम्ही कंपनी १०० कोटींना विकली, तर तुमच्या घरी दिवाळी. त्यांच्या हाती १५ कोटी, म्हणजे गरजेच्या एक टक्का. तीच कंपनी १,००० कोटींना गेली तर १५० कोटी.

म्हणून तुमचा चांगला, नफ्यातला, दरवर्षी २० टक्क्यांनी वाढणारा धंदा बघून ते हसतमुखानं चहा पाजतात आणि परत फोन करत नाहीत. धंदा वाईट म्हणून नव्हे. त्यांच्या घड्याळात तो बसत नाही.

एंजल आणि व्हीसी यांत फरक काय?

एंजल स्वतःचे पैसे घालतो, रक्कम लहान असते आणि निर्णय एका माणसाच्या मनावर असतो. काही एंजल नेटवर्कमधून येतात. पुण्यातला चांगला एंजल बहुधा तुमच्याच क्षेत्रात वीस वर्षं काढलेला असतो; त्याच्या चेकइतकीच त्याची फोनवही कामाची. पाच लाख देऊन रोज तीन फोन करणारेही भेटतात. पैसे घेण्याआधी त्यानं ज्यांना पैसे दिलेत अशा दोन संस्थापकांशी बोला, त्यातला एक तरी कंपनी बंद पडलेला असू दे.

माझं भोसरीत युनिट आहे. नवीन सेन्सर बनवलाय. व्हीसीकडे जाऊ का?

लगेच नको. वाहन कंपनीला नवा भाग विकायचा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊकच असेल: आधी नमुना, मग चाचण्या, मग पीपॅपची (भाग मंजूर करून घ्यायची) फाइल, मग लाइनवर ट्रायल, मग वर्षाला पाचशे नग, आणि मग कुठे खरी ऑर्डर. यात दीड-दोन वर्षं सहज जातात. एवढ्या काळात व्हीसी तुम्हाला दर महिन्याला वाढीचा आलेख मागेल आणि तुमच्याकडे दाखवायला असेल फक्त ‘ट्रायल चालू आहे’.

अशा धंद्याला आधी ग्राहकाच्या टूलिंगचा पैसा, बँकेचं कॅश क्रेडिट, सीजीटीएमएसई या सरकारी हमी निधीच्या हमीवर विनातारण कर्ज हे मार्ग बघा. बिलं अडकत असतील तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर ती वटवता येतात. एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी नसेल तर हा हक्क सांगता येत नाही, म्हणून ती आजच करा. सेन्सरमागचं सॉफ्टवेअर किंवा पेटंट असं असेल की दहा कंपन्या तेच घेतील, तेव्हा व्हीसीशी बोलणं निराळं होतं. सेडेमॅकसारख्या कंपनीत पैसे आले ते असं काही हातात होतं म्हणून.

माझं संशोधन अजून प्रयोगशाळेतच आहे. मला कोण विचारणार?

जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरण, रसायन यांपैकी काही असेल तर व्हीसीच्या आधी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाकडे बघा. १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात आणि बदल्यात शेअर द्यावे लागत नाहीत. व्हेंचर सेंटर या योजनेतलं भागीदार केंद्र आहे. पाषाणला गेलात तर दिसेल की इथे खुर्ची-टेबलाइतकंच महत्त्व यंत्रांना आहे. जे उपकरण विकत घ्यायला तुमचं सगळं भांडवल संपेल, ते तिथे नमुन्यामागे पैसे भरून वापरता येतं. पेटंट आधी दाखल करा, पोस्टर प्रेझेंटेशन नंतर. क्रम उलटला तर पेटंटवर पाणी सोडावं लागू शकतं, आणि प्राध्यापक मंडळींच्या हातून हे सर्रास होतं.

सरकारी पैसा मिळतो का?

मिळतो, पण तो सरकारी वेळेनं मिळतो. पगार त्याच्या भरवशावर ठेवू नका.

केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ साली ९४५ कोटींची म्हणून आली: नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरांत बदलणारे) रोखे. पैसे इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रांमार्फत) येतात, निवडही तेच करतात. सध्या कोणत्या इन्क्युबेटरकडे निधी शिल्लक आहे हे अर्जाआधी फोन करून विचारा.

राज्यात २०१८ च्या धोरणापासून महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी काम बघते. तिच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर सरकारी खात्याकडून कामाचं कंत्राट मिळतं. माझ्या मते अनुदानापेक्षा हे जास्त मोलाचं, कारण गिऱ्हाईक मिळतं. २०२५ च्या नव्या धोरणात ५०० कोटींचा महा-फंडही जाहीर झाला आहे.

डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता घेतली की पैसे मिळतात?

नाही. मान्यता म्हणजे ओळखपत्र. योजनांना अर्ज करायला, पेटंट शुल्कात सवलत घ्यायला आणि सरकारी निविदांत काही अटी शिथिल व्हायला ती लागते. अशा मान्यताप्राप्त स्टार्टअपांत महाराष्ट्र देशात पहिला आहे, यावरून त्या कागदाची दुर्मीळता ठरवा.

एंजल टॅक्स अजून लागतो का?

वाजवी किमतीहून महाग विकलेल्या शेअरांच्या जादा पैशावर कंपनीला कर लावणारी, २०१२ साली आलेली ही तरतूद जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाली. आता लागत नाही. आधीच्या वर्षांतल्या शेअरवाटपावर नोटीस आली असेल तर मात्र सीएकडे जा, दुर्लक्ष करू नका.

भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर चालेल?

व्हीसीचे पैसे घ्यायचे तर प्रायव्हेट लिमिटेडच लागते. ते साधे शेअर घेत नाहीत, सीसीपीएस म्हणजे पुढे साध्या शेअरांत बदलणारे प्रेफरन्स शेअर घेतात, आणि एलएलपीत शेअरच नसतात.

काकांनी, मित्रांनी आधीच पैसे दिलेत. बिघडलं का?

कसे दिले यावर आहे. कंपनीच्या खात्यावर ‘असेच’ आलेले पैसे कायद्यानं ठेव धरले जाऊ शकतात. शेअरसाठी आले असतील तर वेगळ्या खात्यात घेऊन ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर परत करावे लागतात. ‘काका, तुमचे पाच टक्के’ असं लग्नाच्या मांडवात दिलेलं तोंडी वचन पुढे ड्यू डिलिजन्सच्या (गुंतवणुकीआधी कागद तपासण्याच्या) वेळी वर येतं, आणि नव्या गुंतवणूकदाराचा वकील त्यावर अडून बसतो. आज कागद करा. काका रागावतील, पण चार दिवस.

टर्म शीट आली आहे. काय वाचू?

सगळे आधी व्हॅल्युएशन वाचतात. त्याच्या खालचं वाचा.

समजा ६ कोटी मिळतायत, आधीचं मूल्य २४ कोटी धरलंय. नंतरचं मूल्य ३० कोटी, त्यांचा हिस्सा २० टक्के. बरोबर. पण खाली लिहिलंय की १० टक्क्यांचा ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर) ‘गुंतवणुकीपूर्वी’ काढायचा. म्हणजे तो सगळा तुमच्या हिश्श्यातून जातो, तुम्हाला उरतात ७० टक्के, आणि तुमच्या कंपनीचं खरं मूल्य धरलं गेलं २१ कोटी.

आता लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर आधी कुणाला किती मिळणार. कंपनी चालली नाही तशी आणि २० कोटींना विकावी लागली. कलम ‘एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ (एकतर घातलेली रक्कम, नाहीतर हिस्सा; दोन्ही नाही) असेल तर ते आपले ६ कोटी घेऊन बाजूला होतात, बाकीच्यांना १४. ‘एकपट, पार्टिसिपेटिंग’ असेल तर आधी ६ आणि उरलेल्या १४ चे २० टक्के, एकूण ८.८ कोटी. आणि ‘दुप्पट, पार्टिसिपेटिंग’ असेल तर १२ अधिक १.६, म्हणजे १३.६ कोटी त्यांचे आणि ६.४ कोटींत तुम्ही, तुमचा भागीदार आणि ईसॉपवर विसंबलेली सगळी टीम. व्हॅल्युएशन तिन्ही वेळा तेच, ३० कोटी! दुप्पट मागणाऱ्याला सुरुवातीच्या फेरीत स्पष्ट नाही म्हणा. एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग हे मागण्यात काही उद्धटपणा नाही. चांगले फंड तेच देतात.

याशिवाय तीन गोष्टी बघा: कोणत्या निर्णयांना त्यांची लेखी परवानगी लागणार (यादी दोन पानांची असेल तर साधी भरतीही अडेल), संस्थापकाचे शेअर किती वर्षांत व्हेस्ट होणार (म्हणजे पक्के त्याचे होणार), आणि ठरावीक मुदतीत त्यांना बाहेर पडता आलं नाही तर शेअर परत विकत घ्यायची सक्ती कंपनीवर आहे की थेट तुमच्यावर. शेवटची सक्ती स्वतःवर घेऊ नका. नेहमीचे सीए कितीही विश्वासू असोत, या कागदाला स्टार्टअपचे करार केलेला वकील लावा.

कल्पना चोरली जाऊ नये म्हणून आधी एनडीए (गुप्ततेचा करार) करून घेऊ का?

मागू नका. व्हीसी सही करत नाहीत, कारण तशाच कल्पनेच्या चार कंपन्या त्यांना महिन्यात भेटतात. गुपित सूत्र डेकमध्ये (गुंतवणूकदाराला दाखवायच्या सादरीकरणात) घालू नका, एवढं पुरे.

मराठीत बोललं तर चालतं?

समोरचा मराठी असेल तर खुशाल. अनेकदा खरी माहिती त्यातच निघते. डेक मात्र इंग्रजीत लागेल, कारण तो त्यांच्या समितीत फिरतो.

मी पुण्याचा नाही. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरला काही आहे का?

संभाजीनगरला मॅजिक हा इन्क्युबेटर स्थानिक उद्योगांच्या पाठबळावर उभा आहे. नाशिकची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी. २०२२ मध्ये तिनं युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी उभे केले आणि त्यासाठी आपलं मोहाडी गाव सोडून कुठे गेली नाही. शेतीसंबंधी काही असेल तर मुंबईतले ओम्निव्होर आणि अंकुर कॅपिटल हे फंड शेताच्या बांधावर यायला तयार असतात. बाकी क्षेत्रांत पहिल्या भेटीसाठी पुण्या-मुंबईला यावंच लागेल.

नाहीच चाललं तर? पैसे परत करावे लागतात का?

शेअरमध्ये आलेले पैसे बुडाले तर ते गुंतवणूकदाराचे बुडाले. तुम्ही गैरव्यवहार केला नसेल तर घरावर जप्ती येत नाही. वैयक्तिक हमी दिलेलं बँकेचं कर्ज, थकलेला टीडीएस आणि पीएफ यांतून मात्र सुटका नाही. म्हणून खात्यात तीन-चार महिन्यांचा खर्च उरला असतानाच थांबायचं की नाही हे ठरवा. त्यात आधी पगार आणि सरकारी देणी, मग पुरवठादार, मग कंपनी निबंधकाकडे नाव काढायचा अर्ज. आणि हे सगळं सुरू करण्याआधी गुंतवणूकदाराला फोन करा. त्यानं अशा कंपन्या पाहिलेल्या असतात. त्याला राग येतो तो सहा महिने मेलला उत्तर न देणाऱ्या संस्थापकाचा.